इम्फाळचा म्हणून विकलेला जपानी झेंडा: मला ७०३ पौंडांना फसवलं

यूकेत दुसऱ्या महायुद्धाच्या वस्तू जमवणाऱ्या मराठी मंडळींनी हे वाचाच. एका वेबसाइटवरच्या विक्रेत्याने जपानी सैनिकाचा सह्यांचा झेंडा (लढाईला निघताना जवळच्या लोकांनी सह्या करून दिलेला) म्हणून नकली माल माझ्या गळ्यात मारला. झेंड्याचे ६४०, पोस्टाचे १८ आणि वर बोगस सर्टिफिकेटचे ४५ पौंड, सगळे थेट बँक ट्रान्सफरने, कारण म्हणे वेबसाइटवरून घेतलं तर कमिशन कापलं जातं. वेबसाइटच्या बाहेर एक पैसा देऊ नका!

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. मार्च १९४४ मध्ये त्यांची चौथी पलटण इम्फाळच्याच लढाईत, मणिपूरमधल्या सांगशाकला लढली, त्यामुळे "इम्फाळच्या लढाईतून आणलेला" म्हटल्यावर माझा जीव अडकणारच ना. शिवाय मला तो कपाटात ठेवायचा नव्हता. ओरेगॉनमधली ओबोन सोसायटी असे झेंडे जपानमधल्या कुटुंबांना परत पोचवते, तिकडे द्यायचा होता. हे मी त्या माणसाला सांगितलं आणि त्याने त्याचाच फायदा घेतला.

फोटो झूम केला तेव्हा लाल गोळ्याच्या डावीकडे तपकिरी डाग होता आणि काळी शाई त्या डागावरून गेलेली. म्हणजे डाग आधी, अक्षरं नंतर! अहो, पोरगा लढाईला निघताना लोक त्यावर सह्या करायचे, घाम, रक्त, पाऊस सगळं नंतरचं. मी विचारलंही, तर म्हणे बर्माच्या दमट हवेत शाई पसरते. तो फोटो अजून डोळ्यासमोरून जात नाही. पण समोरचा स्वतःच्या आजोबांचं १९४५चं पत्र दाखवतोय, तिथे कोण डाग बघत बसेल?

हातात आल्यावर यूव्ही टॉर्च मारला तर शिवणीचा दोरा निळा-पांढरा चमकला, त्या काळचा दोरा असा चमकत नाही. रेशीम म्हणून विकलेल्या कापडाचा सुटा धागा जाळला तर केस जळल्याचा वास नाही, वितळून कडक गोळी झाली. ऑफिसातल्या जपानी बाईंनी बघताक्षणी सांगितलं, सगळी नावं एकाच हातची आहेत. खऱ्या झेंड्यावर नातेवाईक, शेजारी, शाळासोबती, प्रत्येकाचं अक्षर सहसा वेगळं असतं. जपानी वाचणाऱ्याला आधी दाखवा, पैसे नंतर.

बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत आणि वस्तूही मिळाली, हा तुमच्या दोघांचा खासगी वाद. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, नंबर मिळाला, मग पत्र आलं की तपास होणार नाही. फोन केला तर "सिव्हिल मॅटर" म्हणून हात झटकले. वेबसाइटवाले म्हणतात व्यवहार आमच्याकडे झालाच नाही, पण तो माणूस तर तुमच्याकडेच दुकान मांडून बसलाय ना? खोटं पत्र, खोटी सह्यांची यादी, ठरवून केलेली लूट, तरी गुन्हा कुणालाच दिसत नाही! चोर मोकळा आणि पुरावे मीच गोळा करत फिरायचं?

विक्रेत्याने लावलेल्या फोटोंवर भागवू नका, मागची बाजू आणि कोपऱ्यांना लावलेले तुकडे यांचे जवळून काढलेले फोटो मागा. पत्राला भुलू नका.

त्याच माणसाने आता दुसऱ्या नावाने आणखी एक झेंडा लावलाय, कोहिमाचा म्हणून, ७२० पौंडांना, नावं तीच. माझ्याकडे दोन्हींचे स्क्रीनशॉट आहेत, घ्यायच्या विचारात असाल तर आधी मला मेसेज करा.