भिशीच्या बायकांची मुंबई आणि 25,600 रुपये

आमची 13 जणींची भिशी आहे, बार्शीत. महिन्याला पाचशेची भिशी आणि त्याशिवाय दोनशे रुपये सहलीचे, असं आम्ही 18 महिने चालवलं. एकूण झाले 46,800. ते माझ्या खात्यावर ठेवले होते, कारण मी 29 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं आणि हिशेबाला पक्की म्हणून गल्लीत माझं नाव आहे. होतं म्हणू.

मुंबई बघायची हे आक्कांनी ठरवलं. आक्का आमच्यात सगळ्यांत मोठ्या, 71 वर्षांच्या. त्यांचा भाऊ परळला गिरणीत होता. 1982 च्या संपात सगळं बंद पडलं आणि तो गावी परत आला तो आलाच. लहानपणी त्याच्याकडे राहिलेल्या आक्कांना ती चाळ, तो भोंगा, ती गर्दी अजून आठवते. बाकीच्यांना सिद्धिविनायक, राणीचा बाग, गेटवे, घारापुरी आणि मरीन ड्राइव्हवर बसून भुट्टा. गाडी 17 सीटर टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली, तिचं भाडं प्रत्येकीनं वेगळं दिलं. राहायची सोय बघायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

दादरला एका ट्रस्टचं अतिथिगृह आहे, खोल्या स्वच्छ आणि दर माफक, असं माझ्या नणंदेनं सांगितलं होतं. ती दहा वर्षांपूर्वी तिथं राहिली होती. मी फोनवर नकाशात नाव टाकलं. इमारतीचे खरे फोटो आले, साडेचारच्या आसपास तारे, सातशे-आठशे लोकांची मतं, खाली फोन नंबर. लावला.

पहिल्या रिंगला उचलला. इथंच खरं तर मला शंका यायला हवी होती, पण तेव्हा उलट बरं वाटलं. मराठी बोलणारा माणूस, आवाज चाळिशीतला, "बोला ताई, किती जण आहात?" त्यानं आधी पैशांचं काही काढलंच नाही. कुठून येताय, गाडी केवढी, बरोबर वयस्कर कुणी आहे का, हे विचारलं. मी घारापुरीचं म्हटल्यावर म्हणाला, "सोमवारी लेणी बंद असतात हं, शनिवारी जा. आणि रविवारी लोकलनं फिरणार असाल तर मेगाब्लॉक बघून निघा." आक्कांच्या गुडघ्यांचं ऐकून म्हणाला, जेट्टीवरून छोटी रेल्वे आहे, पण पुढं शंभर-सव्वाशे पायऱ्या चढाव्याच लागतात, तिथं डोलीवाले असतात. दादरला यायला वाशीवरून या, अटल सेतू उगाच लांब पडेल, तो जाताना बघा. सगळं खरं होतं! पुढं आम्ही गेलो तेव्हा अक्षर न अक्षर खरं निघालं. आजही विचार केला की वाटतं, इतकी माहिती आम्हाला कुणी पैसे देऊनसुद्धा दिली नसती.

चार खोल्या, दोन रात्री, खोलीला 1,600. म्हणजे 12,800. निम्मे आगाऊ. त्यानं नंबर दिला, मी 6,400 टाकताना वर नाव भलतंच आलं, कुण्या बाईचं. विचारलं तर म्हणाला, "आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत, ट्रस्टच्या खात्याचं ऑडिट चालू आहे." ऑडिट हा शब्द ऐकला की शाळेत काम केलेला माणूस गप्प बसतो. पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर पावती आली, ट्रस्टचं नाव, शिक्का, सही, पावती क्रमांक. मी ती भिशीच्या ग्रुपवर टाकली. बारा जणींनी हात जोडले, फुलं पाठवली.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचाच फोन. "ताई, खोल्या अलॉट करताना सिस्टम अर्धी रक्कम घेत नाहीये. पूर्ण 12,800 एका पावतीत लागतात. तुम्ही ते भरा, आधीचे 6,400 उद्या सकाळी तुमच्या खात्यावर परत." मी पोळ्या लाटत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघायचं, दशम्या करायच्या राहिलेल्या, चटणी बांधायची, यांच्या गोळ्या डबीत भरायच्या. पिठाच्या हातानं मी 12,800 भरले. आता 19,200 गेले होते आणि मला वाटत होतं, माझे 6,400 येणं आहे.

पहाटे निघालो. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर. भिगवणला उजाडलं. मासे खायची वेळ नव्हती म्हणून दोघी चुकचुकल्या. गाडीत गाणी, भेंड्या, कुणाला तरी उलटी, सगळं रीतसर. एक्स्प्रेस वेवर घाट उतरून खालापूरला चहाला थांबलो तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. बायका स्वच्छतागृहाच्या रांगेत. मी गाडीजवळ एकटी, आणि फोन वाजला.

"ताई, रिफंड तयार आहे. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा, 6,400 लगेच जमा. फोन कट करू नका, नाहीतर टाइमआउट होईल."

आता इथं सावकाश सांगते, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि तरी मला दिसलं नाही. त्यानं पाठवलेलं चित्र मी ॲपमध्ये उघडलं. पडद्यावर पुन्हा त्याच बाईचं नाव, खाली 6,400, आणि सगळ्यांत खाली निळं बटण, त्यावर इंग्रजीत 'पे'. मी म्हटलं, "अहो, हे पे म्हणतंय." तो हसून म्हणाला, "आम्ही तुम्हाला पे करतोय ना ताई, म्हणून." मला ते पटलं. गणिताच्या बाईंना पटलं! मी बटण दाबलं, सहा आकडी पिन टाकला, टिकमार्क आला, टुंग वाजलं. मेसेज उघडला तर बँक म्हणतेय 6,400 वजा.

"वजा झाले," मी म्हटलं. तो म्हणाला, "उलटी एंट्री पडली वाटतं, थांबा, आता 12,800 चा क्यूआर पाठवतो, एकदम दोन्ही परत येतील." आणि खरं सांगते, मी तोही उघडला होता. आमचा ड्रायव्हर पोरगा, जेमतेम पंचविशीचा, काच पुसत होता. तो बोनेटकडून वाकून म्हणाला, "काकू, पैसे घ्यायला पिन लागत नसतोय."

एवढंच बोलला. मी फोन ठेवला. तो परत वाजला, परत वाजला, मी बंदच केला.

इथून पुढचे अडीच तास हे माझ्या फसवणुकीचे खरे तास आहेत, आणि ते त्या माणसानं केलेले नाहीत. मी गाडीत बसले. माझ्या जावेनं विचारलं, "चेहरा का उतरलाय गं?" मी म्हटलं, पित्त झालंय. तिनं आवळासुपारी दिली. ड्रायव्हर आरशातून दोनदा माझ्याकडे बघत होता, मी नजर चुकवली. 25,600 गेले, हा हिशेब मनात झाला होता. पण मन म्हणत होतं, पावती आहे ना, खोल्या तर मिळतील. निदान सगळ्यांसमोर नको, दादरला पोचल्यावर बघू. पनवेल गेलं, वाशीची खाडी गेली, बायकांनी खाडीत पैसे टाकायला खिडक्या उघडल्या, आणि मी 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला फोन केला नाही. नंबर मला माहीत होता. शाळेच्या व्हॉट्सॲपवर त्याचं पोस्टर मीच पुढं ढकललं होतं.

दादरला दारावर रखवालदार होता. मी त्याच्यापुढं पावती धरली. त्यानं ती हातातसुद्धा घेतली नाही, नुसतं भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर कागद चिकटवलेला, कोपरे पिवळे पडलेले: आमच्याकडे फोनवर किंवा ऑनलाइन बुकिंग होत नाही, खोली प्रत्यक्ष आल्यावर उपलब्धतेनुसार. तो म्हणाला, "मावशी, ह्या आठवड्यात तुमचा तिसरा ग्रुप. परवा धुळ्याचे होते." खोल्या भरलेल्या होत्या.

फुटपाथवर 13 बायका आणि पिशव्या. मग सांगावंच लागलं. कुणी ओरडलं नाही, ते जास्त लागलं. आक्कांनी विचारलं, "पोलिसात सांगितलंस का?" नाही म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. 1930 ला तिसऱ्या प्रयत्नात फोन लागला, तेव्हा पावणेदोन वाजले होते. त्यांनी बँक कुठली, पैसे कधी आणि किती गेले, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारला. तो ॲपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात असतो. मला तो सापडेना, जावेच्या मुलानं बार्शीहून फोनवर सांगून शोधायला लावला. तक्रारीचा क्रमांक मेसेजनं आला. रात्री सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर पावती आणि स्क्रीनशॉटसकट पूर्ण तक्रार भरली.

त्या फोननंतर काय होतं ते पुढं सोलापूरला सायबर पोलीस ठाण्यात मला समजावून सांगितलं. आपली माहिती लगेच पैसे गेलेल्या बँकेकडे जाते, ती बँक पैसे पुढच्या कुठल्या खात्यात गेले ते बघते, आणि जिथं ते अजून पडून असतील तिथं अडवून ठेवते. पुढं गेलेल्याचा माग काढत बसावं लागतं. ही माणसं एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पैसे पळवतात आणि एटीएममधून काढून मोकळी होतात. ती खातीही त्यांची नसतात, कुणाची तरी भाड्यानं घेतलेली. त्या अकाउंटंट मॅडमना कदाचित आपलं खातं कशाला वापरलं गेलं हेही माहीत नसेल. माझ्या 25,600 पैकी 4,150 अडकवून ठेवलेले सापडले, ते शेवटच्या 6,400 मधले. खालापूरहूनच फोन केला असता तर ते सगळे सापडले असते का, असं मी विचारलं. हवालदार म्हणाले, "सांगता येत नाही मॅडम, पण अडीच तास लई होतात." अडकवलेले पैसे परत मिळू शकतात. त्याचे कागद दिलेत.

नकाशावर खोटा नंबर कसा आला, हेही त्यांनीच सांगितलं. अशा ठिकाणांच्या नोंदीत दुरुस्ती सुचवायची सोय सगळ्यांना असते, फोन नंबरसकट. ज्या संस्थेनं आपली नोंद स्वतःच्या ताब्यात घेतलेली नसते तिथं हे सोपं जातं. इमारत खरी, फोटो खरे, तारे खरे, फक्त नंबर चोराचा. मी घरी येऊन ती सगळी मतं नव्यापासून जुन्याकडे अशी लावून वाचली. तिसऱ्याच ओळीत होतं: "नंबर फेक आहे, 9,000 गेले." दोन महिन्यांपूर्वीचं. आधी मी वाचली होती ती वरची, जुनी, "खूप छान, स्वच्छ, जेवण उत्तम" वाली.

मुंबई आम्ही पाहिली, हेही सांगायला हवं. आमच्यातल्या एकीची भाची डोंबिवलीला राहते. एक हॉल, एक खोली, एक किचन. त्या पोरीनं दोन रात्री 13 जणींना झोपवलं, शेजारून गाद्या आणल्या, स्वतः नवऱ्यासकट मैत्रिणीकडे गेली. शनिवारी गेटवेवरून बोटीनं घारापुरी झाली, त्रिमूर्तीपुढं आक्का डोलीतून उतरून बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. भावाची गिरणी मात्र सापडली नाही. ड्रायव्हरनं परळमधून तीनदा गाडी फिरवली, आक्का काचेला नाक लावून, आणि बाहेर उंच काचेच्या इमारती. एक चिमणी दिसली तेवढी. ती हीच का, ते त्यांना सांगता येईना. येताना अटल सेतूवरून आलो. त्या माणसानं सांगितलं होतं तसंच.

मी 25,600 माझ्या पेन्शनमधून भरते म्हटलं. आक्कांनी निम्मेच घेऊ दिले, बाकीचे भिशीनं सोसले. दोघींना ते पटलेलं नाही, त्या हळदीकुंकवाला आल्या पण बसल्या नाहीत. त्यांचंही चूक म्हणवत नाही.

त्या अतिथिगृहाचा खरा नंबर मी रखवालदाराच्या रजिस्टरवरून उतरवून आणला होता. लँडलाइन आहे, 022 नं सुरू होणारा. नकाशावर तो मी दुरुस्ती म्हणून पाठवला, दोन दिवसांत बदलला. ट्रस्टच्या कार्यालयातही फोन करून सांगितलं, की बाबांनो, ती नोंद आपल्या ताब्यात घ्या. नंतरच्या पंधरवड्यात नंबर पुन्हा मोबाइलचा झाला. मी पुन्हा पाठवला. आता रविवारी दुपारी भांडी झाली की मी आधी तो नकाशा उघडते. या रविवारी तिथं आणखी तिसराच नंबर होता.