‘आउट ऑफ द अननोन’: कृष्णधवल आधी की रंगीत?

बीबीसी-२ वर १९६५ ते १९७१ या काळात ‘आउट ऑफ द अननोन’ ही विज्ञानकथांची मालिका चार हंगामांत आली. दर भागात नवी कथा, नवे नट, नवं जग. ४९ भाग झाले, पण पूर्ण स्वरूपात आज २०च उरले आहेत. त्या काळी व्हिडिओटेप महाग असायची आणि जुनं पुसून तीच टेप पुन्हा वापरली जायची. वाचलेले भाग ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१४ मध्ये सात डिस्कच्या संचात काढले. हा संच हाती आला आहे आणि चार-पाच संध्याकाळीच मोकळ्या आहेत, अशा माणसासाठी हे लिहिते आहे.

निवड खरं तर दोन वेगळ्या मालिकांमधली आहे. पहिले दोन हंगाम कृष्णधवल, निर्माती आयरीन शुबिक. पुढचे दोन रंगीत, निर्माते ॲलन ब्रॉमली. नाव तेच राहिलं, स्वभाव बदलला. वाचलेल्या २० पैकी १४ भाग कृष्णधवल आहेत आणि सहा रंगीत. माझा कौल कृष्णधवलला आहे, आणि त्याचं कारण आहे कथांची निवड.

शुबिकबाईंची तयारी आधीपासूनची होती. १९६२ मध्ये एबीसी या खासगी कंपनीने ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ नावाची १३ भागांची अशीच मालिका केली. निर्माते लेनर्ड व्हाइट, कथा-संपादक शुबिक, आणि प्रास्ताविकाला भयपटांचे नट बोरिस कार्लोफ. (त्यातला विज्ञानकथाकार आयझॅक असिमोव्ह यांच्या यंत्रमानवकथेवरचा एकच भाग शिल्लक आहे, त्यामुळे ती मालिका आपल्या निवडीत येत नाही.) एबीसीचे नाट्यप्रमुख सिडनी न्यूमन बीबीसीत गेले, पाठोपाठ शुबिकही गेल्या. तिथे त्यांनी कथांचे ढीगच्या ढीग वाचले. ‘न्यू वर्ल्ड्‌स’ या विज्ञानकथा मासिकाचे संपादक जॉन कार्नेल यांचा सल्ला घेतला. अडचण कथा मिळण्याची नव्हती, स्टुडिओत उभी राहील अशी कथा मिळण्याची होती. कागदावर लेखक एका ओळीत ग्रह उडवून देतो. तेवढ्या पैशांत आणि तेवढ्या जागेत ते दाखवणार कसं?

म्हणून ज्या कथांचा जीव माणसांच्या बोलण्यात आहे, त्या इथे फार चांगल्या उतरल्या. पहिल्या हंगामातला ‘द डेड पास्ट’ घ्या. एका इतिहासाच्या प्राध्यापकाला भूतकाळ पाहण्याचं यंत्र वापरून प्राचीन कार्थेज बघायचं आहे आणि सरकार परवानगी देत नाही. त्याच्या घरात एका गेलेल्या मुलीचं दुःख आहे, हे आपल्याला हळूहळू कळतं, आणि मग त्या यंत्राची भीती वाटू लागते. याला अंतराळयान लागत नाही. याच हंगामातल्या ‘सम लॅप्स ऑफ टाइम’चं नेपथ्य रिडली स्कॉट यांचं आहे. चित्रपट दिग्दर्शक म्हणून ते जगाला माहीत झाले ते पुष्कळ नंतर.

दुसऱ्या हंगामाची सुरुवात ६ ऑक्टोबर १९६६ रोजी ‘द मशीन स्टॉप्स’ने झाली. मूळ कथा ई. एम. फॉर्स्टर यांची, १९०९ सालची. माणसं जमिनीखाली आपापल्या खोलीत राहतात, पडद्यावरून बोलतात, सगळं यंत्र पुरवतं. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणारा मुलगा आईला म्हणतो, प्रत्यक्ष ये, मला तुला यंत्रातून बघायचं नाही. आईचं काम करणाऱ्या यव्हॉन मिचेल यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी अस्वस्थता दिसते, ती मी विसरलेले नाही. परदेशी असलेल्या मुलांशी फोनच्या पडद्यावर बोलणाऱ्या आईबापांना ती लगेच ओळखू येईल. दिग्दर्शक फिलिप सॅव्हिल. १९६७ मध्ये इटलीतल्या त्रिएस्त इथल्या विज्ञानपटांच्या महोत्सवात या भागाला पहिलं पारितोषिक मिळालं.

या हंगामांत उणिवा आहेत. संथपणा आहे, काही ठिकाणी संवाद संपतच नाहीत. मालिकेचा अगदी पहिला भाग, ‘नो प्लेस लाइक अर्थ’, मंगळ आणि शुक्रावर घडतो आणि तिथली जमीन स्टुडिओची आहे हे सतत जाणवतं. क्रमाने बघायची सवय असेल तर ती इथे सोडा. त्या भागापासून सुरुवात करणारे बरेचदा तिथेच थांबतात.

आता रंगीत बाजू. १९६९ चा तिसरा हंगाम शुबिकबाईंनी निवडलेल्या कथांवरच उभा होता. शुबिकबाई ‘द वेन्सडे प्ले’ या बीबीसीच्या नाट्यमालिकेकडे गेल्या आणि ब्रॉमलींनी तो पूर्ण केला. त्याच्या १३ भागांपैकी पूर्ण वाचला एकच, ‘द लास्ट लोनली मॅन’. मेल्यावर आपलं मन दुसऱ्या जिवंत माणसात जाईल अशी सोय झाली, तर लोक मरणाबाबत किती बेफिकीर होतील, अशी त्याची कल्पना आहे. एका भागावरून हंगामाला न्याय देता येत नाही, पण हा एक भाग जरूर बघा. असिमोव्ह यांची ‘द नेकेड सन’ याच हंगामात होती, ती गेली.

१९७१ चा चौथा हंगाम वेगळ्याच वाटेने जातो. मधल्या काळात प्रेक्षकांनी खरा चंद्र टीव्हीवर पाहिला होता. या हंगामात ग्रह जवळजवळ नाहीत. बहुतेक संहिता नव्याने लिहिलेल्या आणि भर मनाच्या आजारांवर, भुताखेतांवर, भयावर. ११ पैकी पाच भाग उरले. त्यांतला ‘वेलकम होम’ मला मनापासून आवडतो: माणूस इस्पितळातून घरी येतो, तर त्याच्या नावाने दुसराच कुणी त्याच्या बायकोसोबत राहतो आहे. ‘टु ले अ घोस्ट’ मात्र मी सुचवणार नाही. बलात्कार सोसलेल्या स्त्रीकडे तो ज्या नजरेने पाहतो, ती तेव्हाही चुकीची होती. भयकथाच हव्या असतील तर रंगीत भागांपासून सुरू करा, हा एवढा वगळून. विज्ञानकथा हवी असेल तर तिथे फारसं हाती लागणार नाही.

माझा क्रम असा: ‘द मशीन स्टॉप्स’, ‘द डेड पास्ट’, मग ‘द लास्ट लोनली मॅन’. चौथ्या संध्याकाळी ‘लेव्हल सेव्हन’. अणुयुद्धाची कळ दाबण्यासाठी जमिनीच्या पोटात ठेवलेली माणसं, नावाऐवजी आकड्यांनी ओळखली जाणारी. नाट्यरूपांतर जे. बी. प्रीस्टली यांचं, दिग्दर्शन रुडॉल्फ कार्टियर यांचं. हा भाग हरवलेल्यांच्या यादीत होता. २००६ मध्ये युरोपातल्या एका प्रसारण संस्थेच्या संग्रहातून परत आला.