सूज उतरत नाही, धाकधूक जात नाही: डॉक्टर बदलावा की थांबावं?

अंडाला (वृषणाला) किंवा प्रोस्टेटला, म्हणजे मूत्राशयाखालच्या पुरुषांच्या ग्रंथीला, इन्फेक्शन झालं, गोळ्या सुरू झाल्या, ताप गेला. पण सूज तशीच, बसलं की ओटीपोटात ओढ लागते. आपल्याकडे ‘काय भो, तब्येत कशी?’ विचारणारे ढीगभर, पण हे दुखणं कुणाला सांगायचं? मग माणूस एकटाच ठरवतो. कुणी जळगावचा डॉक्टर सोडून धुळ्याला जातो, तिथून नाशिकला. कुणी पहिल्याच डॉक्टरकडे टिकतो.

डॉक्टर बदलला की दोन दिवस जिवाला बरं वाटतं, हे खरं. पण पहिला कोर्स अर्धवट सुटतो आणि दुसरं अँटिबायोटिक सुरू होतं. गोळ्या चालू असताना लघवीची कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) केली तर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. प्रोस्टेट सुजलेलं असताना पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी) तपासलं तर आकडा बहुतेकदा वाढलेला दिसतो, आणि माणूस कॅन्सरच्या भीतीने अन्न सोडतो. ती तपासणी इन्फेक्शन बरं झाल्यावर साधारण 6 ते 8 आठवड्यांनी करायची असते.

थांबण्याच्या बाजूने मला सगळ्यात मोठं कारण वाटतं ते हे: ज्याने पहिल्या दिवशी हाताने तपासलं, त्यालाच सूज किती उतरली ते नीट सांगता येतं. नव्या डॉक्टरपुढे फक्त आजची सूज असते. अंडामागच्या नळीच्या इन्फेक्शनमध्ये दुखणं 2-3 दिवसांत कमी व्हायला लागतं, पण सूज आणि कडकपणा जायला कित्येक आठवडे लागू शकतात. प्रोस्टेटच्या तीव्र इन्फेक्शनचा कोर्सच सहसा 2 ते 4 आठवड्यांचा असतो. दहाव्या दिवशी गाठ हाताला लागली म्हणजे औषध फुकट गेलं असं नाही.

तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर आधी त्याच डॉक्टरकडे परत जा. कोर्स संपूनही त्रास असेल, किंवा लघवी न तपासता नुसत्या गोळ्या बदलल्या जात असतील, तर युरोलॉजिस्टचं (मूत्ररोगतज्ज्ञाचं) दुसरं मत जरूर घ्या, पण सगळी फाइल घेऊन. हुडहुडी भरून ताप आला, लघवी अडली किंवा अंडात अचानक जोराची कळ आली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. स्टँडजवळच्या ‘गुप्तरोग’ पाट्यांकडे मात्र फिरकूही नका.

आता धाकधुकीचं. भीतीने ओटीपोटाखालचे स्नायू आवळले जातात, आणि जंतू गेल्यावरही जळजळ, ओढ मागे राहू शकते. न्हाणीघरात दिवसातून दहा वेळा गाठ चाचपली तर ती जागा हुळहुळीच राहते. तपासायचं काम डॉक्टरवर सोडा. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्यांनीही काहींची झोप उडते, जीव कासावीस होतो. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, मनाने गोळी बंद करू नका. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा लघवी पिवळीधमक होऊन जळजळते, ती इन्फेक्शनचीच असेल असं नाही. पाणी भरपूर प्या. फटफटीवर लांब जायचं काही दिवस टाळा, आतून घट्ट आधार देणारी चड्डी घाला.

मनातलं बोलायला 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्री दोनलाही लागतो, मराठीत बोलता येतं. सिव्हिलच्या रांगेत गावचा कुणीतरी भेटतोच, त्यामुळे सुरुवातीला मला फोनच बरा वाटतो. पण दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामात लक्ष नाही, असं झालं तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार डॉक्टरांना समोरासमोर भेटा. जगणं नको वाटत असेल तर घरच्याला लगेच सोबत घ्या.

बायकोला सांगावं की नाही, यावर माझं मत स्पष्ट आहे: सांगा. हे इन्फेक्शन दरवेळी संबंधातूनच येतं असं नाही, लघवीतल्या साध्या जंतूंनीही होतं. आणि संबंधातलं असल्याचं डॉक्टर म्हणाले, तर तिचीही तपासणी आणि औषध लागतं. दोघांचा कोर्स पूर्ण होईपर्यंत संबंध टाळायचा असतो, नाहीतर बरं झालेलं इन्फेक्शन पुन्हा तुमच्याकडेच येऊ शकतं.