चिल्लर मोजायची का काट्यावर टाकायची?
विसर्जन झालं की आमच्या सदाशिव पेठेतल्या मंडळाची दानपेटी सतरंजीवर पालथी करतो अन् दरवर्षी तोच वाद, हाताने मोजायचं का वजनकाट्यावर टाकायचं. दहाच्या नाण्यांना काटाच भारी, २०११ च्या सिरीजचं नाणं ७.७१ ग्रॅम, २०१९ चं ७.७४, म्हणजे १०० नाणी पाऊण किलोच्या जरा वर, हजार रुपये दोन मिनिटांत झाले. पण रुपयाला काटा अजिबात नको! २०११ चं ३.७९ अन् नवीन ३.०९ ग्रॅम, १०० नाण्यांमागे ७० ग्रॅमपर्यंत फरक पडू शकतो. लोकांनी श्रद्धेने टाकलेला पैसा असा अंदाजाने कसा लिहायचा वहीत? म्हणून रुपये दहा-दहाच्या चळती लावूनच मोजतो, बोटं काळीकुट्ट होतात तरी.