उतारवयात गावी राहण्याची तालीम: वाईजवळच्या एका शेतमुक्कामाचा अनुभव

वाई तालुक्यात, धोम धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला, एक शेतकरी कुटुंब पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्यांसाठी आठ दिवसांचा शेतमुक्काम चालवते. उतारवयात गावाकडे जाऊन राहण्याचा ज्यांचा मनसुबा आहे, त्यांनी जमिनीचा इसार देण्याआधी ते जगणे अंगाला लावून पाहावे, अशी त्यामागची कल्पना आहे. फेब्रुवारीत आम्ही दोघे तेथे राहून आलो. काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे कुटुंबाचे नाव येथे देत नाही.

माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत आणि साताऱ्यात शाहूपुरीतील फ्लॅटच्या गॅलरीत अकरा कुंड्या एवढीच आमची सध्याची शेती आहे. खटाव तालुक्यातील एका सामाईक सातबाऱ्यावर इतर अनेकांच्या रांगेत माझेही नाव असल्याने कागदावर मात्र मी शेतकरी ठरतो. ही बाब किरकोळ नाही. महाराष्ट्रात कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही आणि गावाकडच्या घराची कितीतरी स्वप्ने याच कलमापाशी अडतात. यजमानांनी फोनवर नोंदणी घेतानाच हे विचारले, याबद्दल त्यांना पहिला गुण द्यायला हवा.

आम्ही गेलो तेव्हा हळदीची काढणी सुरू होती. पाला कापून ठेवलेल्या सरीत कुदळीचा घाव नेमका किती लांब घालायचा, म्हणजे कंद कापला न जाता मातीसकट वर येतो, हे मला दाखवण्यात आले. तरी पहिल्या तासात मी जेवढी हळद काढली त्यापेक्षा जास्त कापली असावी. पत्नी बायकांच्या घोळक्यात बसून गड्ड्यांपासून हळकुंडे मोडून वेगळी करत होती. "काकू, ही बोटं आता महिनाभर पिवळीच राहायची," असे त्यांच्यापैकी एकीने तिला आधीच बजावले होते आणि ते खरे ठरले. संध्याकाळी शिजवण्याचे काम पाहिले. वाफेतून काढलेल्या हळकुंडात बारीक काडी सहज घुसली की ते शिजले असे समजतात, ती काडी माझ्या हातात देऊन यजमानांच्या वडिलांनी, "सांगा साहेब, उतरवायची का?" असे विचारले, तेव्हा माझी नोकरीतली सगळी वर्षे एका काडीवर टांगली गेल्यासारखे वाटले. मी "अजून थोडी" म्हणालो आणि ते बरोबर निघाले. त्यानंतर दहापंधरा दिवसांचे ऊन, मग ड्रममध्ये पॉलिश, आणि ओल्या पाच किलोंची सुकून जेमतेम एक किलो, हा हिशेब त्यांनी काहीही न लपवता मांडला. साधारण नऊ महिने जमिनीत राहणाऱ्या पिकाचा हा हिशेब निवृत्तिवेतनाच्या भरवशावर शेती करू पाहणाऱ्या प्रत्येकाने एकदा ऐकावा.

या मुक्कामाचा खरा कस मात्र रात्री लागतो. त्या आठवड्यात शेतीपंपाची थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत होती, त्यामुळे उसाला पाणी द्यायला रात्री साडेदहानंतर निघावे लागे. दारे धरणे हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. थंडीत गुडघ्याएवढे गमबूट घालून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात खोरे घेऊन, एक सरी भरली की बांध फोडून पाणी दुसरीकडे वळवायचे, हे प्रत्यक्षात प्रथमच केले. बॅटरीच्या उजेडात पाणी सरीतून कधी सरसर पळते, कधी उंदराच्या बिळात गडप होते, आणि ते बीळ शोधून चिखलाने बुजवेपर्यंत मागची सरी फुटलेली असते. दोन तासांत माझी कंबर धरली. यजमानांचा मुलगा, जो माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे, पहाटे चारला झोपायला आला आणि सहाला धार काढायला गोठ्यात हजर होता. साठीनंतर हे काम आपल्याच्याने होणार नाही आणि गडी ठेवला तर तो रात्री येईलच असे नाही, हे त्या दोन तासांनी मला जितके पटवले तितके कोणाच्याही सल्ल्याने पटले नसते.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगायचे तर ज्वारीची भाकरी, पिठले, खर्डा, इंद्रायणीचा भात आणि घरचे ताक असा बेत असतो. रोज तेच असले तरी कंटाळा आला नाही.

राहण्याच्या सोयीबद्दल मात्र माझी स्पष्ट नाराजी आहे. ही सेवा ज्या वयाच्या लोकांसाठी आहे, त्यांच्या खोल्या माडीवर आहेत आणि वर जाणारा दगडी जिना उभा, अरुंद व कठड्याविना आहे. न्हाणीघरात शहाबादी फरशी असून ती ओली झाली की पाय ठरत नाही, आणि धरायला भिंतीवर साधी दांडीही नाही. पत्नीला रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्याने रात्री काही झाले तर वाईपर्यंत कोण नेणार, असे मी विचारले. त्यावर "आमची जीप आहे ना" असे उत्तर मिळाले. जीप होती, पण एका रात्री ती हळदीची पोती घेऊन बाहेर गेलेली होती. वस्तीवर मोबाईलची रेंजही फक्त गोठ्यामागच्या चौथऱ्यावर मिळते.

सहाव्या दिवशी कागदपत्रांची बैठक होती आणि तिचा पहिला तास उत्तम झाला. गाव नमुना सात म्हणजे हक्कांची नोंद व बारा म्हणजे पिकांची, भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असे लिहिलेले दिसले तर थांबायचे, फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागे मागे जाऊन वाचायचे, मोजणी करून घ्यायची आणि बांधापर्यंत जाणारा वहिवाटीचा रस्ता कोणाच्या शेतातून जातो हे पावसाळ्याआधी पायी चालून पाहायचे, हे सर्व त्यांनी स्वतःचाच सातबारा समोर ठेवून समजावले. दुसऱ्या तासाला मात्र त्यांच्या ओळखीचे म्हणून एक जमिनीचे मध्यस्थ येऊन बसले आणि कमळगडाकडे तोंड असलेले पाच गुंठे सामाईकात घेऊन टाका, साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, लगेच करू, नोंदीचे पुढे बघता येईल, असे सांगू लागले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे आणि शेतजमिनीच्या खरेदीसाठी बागायतीला १० व जिरायतीला २० गुंठे ही किमान मर्यादा असताना हे "पुढे बघता येईल" किती महागात पडू शकते, हे पहिल्याच तासात आम्ही शिकलो होतो. यजमान त्या वेळी खाली मान घालून चहा ओतत होते. पाहुण्यांकडून दिवसाला माणशी चौदाशे रुपये घेतल्यावर अशा माणसाला घरात आणण्याची गरज नव्हती, असे मी निघताना त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, वाद घातला नाही.

तरीही मी या मुक्कामाची शिफारस करतो, मात्र शनिवार-रविवार जोडून नव्हे, पूर्ण आठ दिवसांची. आमच्या बेतात त्याने नेमका बदल घडवला: दोन एकरांचा विचार सोडून, एखाद्या गावठाणात, रस्त्याला लागून, दवाखान्यापासून जवळ, परसात चार वाफे निघतील एवढे तळमजल्याचे घर पाहायचे असे आता आम्ही ठरवले आहे. पत्नीचा आग्रह मात्र वेगळाच आहे. तिचे म्हणणे असे, की फेब्रुवारीतले ऊन आणि फुगवट्याचे निळे पाणी पाहून निर्णय घेणे म्हणजे मुलगी फक्त लग्नाच्या शालूत पाहण्यासारखे आहे, तेव्हा भातलावणीच्या दिवसांत पुन्हा एकदा यायला हवे. जुलैसाठी फोन केला तर यजमान म्हणाले, "पावसात आम्ही पाहुणे घेत नाही हो, सगळीकडे चिखल असतो." तो चिखल पाहायलाच येतो आहोत, असे तिने सांगितल्यावर त्यांनी चार दिवस कबूल केले, खालची खोली रिकामी करून देतो म्हणाले, आणि कौले गळली तर मात्र बोल लावायचा नाही अशी अट घातली.