नाशिकमधल्या होम केअर ब्यूरोचा अनुभव : गृहभेट उत्तम, बाकी कामचलाऊ

आधी निकाल सांगून टाकतो. या ब्यूरोची गृहभेट, म्हणजे सिस्टरनी घरी येऊन म्हाताऱ्या माणसाला किती मदत लागते ते बघणं, पैसे वसूल आहे. देखभालीला बाई पुरवण्याचं काम मात्र जेमतेम. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याशी तक्रारीचं बोलणं अजून चालू आहे. पण नाशिकमध्ये असे बरेच ब्यूरो आहेत. कुणाला फोन लावायच्या आधी काय विचारायचं, एवढं तरी यातून कळेल.

आत्या ७९ वर्षांची. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आता इंदिरानगरला पहिल्या मजल्यावर एकटी राहते. लिफ्ट नाही. मी कल्याणला. फोनवर ती ठणठणीत असते. निवृत्तिवेतन किती जमा झालं ते पैशापर्यंत सांगते, माझ्या मुलीला पाढे विचारते. त्यामुळे चुलतभावाचं म्हणणं, "तिला काय धाड भरलीय?" आणि बहिणीचं म्हणणं, चोवीस तासांची बाई आजच ठेवा. या भांडणावर तोडगा म्हणून ८०० रुपये भरून गृहभेट मागवली.

आलेल्या सिस्टर पन्नाशीच्या, सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांनी "आजी" म्हटल्याबरोबर आत्याने "बाई म्हणा" असं सुनावलं. सिस्टरनी ते निमूट मानलं आणि पुढे दीड तास "बाई" म्हणूनच बोलल्या. आमचं काम तिथेच अर्धं झालं.

मला वाटलं होतं बीपी बघतील, शुगर विचारतील, दरपत्रक पुढे करतील. बीपी बघितलं, पण आधी आडवं झोपवून आणि मग उभं करून. झोपून वरचा आकडा १५०, उभं राहिल्यावर १२४. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर येऊन पडायची भीती असते, म्हणाल्या. सकाळी उठताना "जरा गरगरतं" हे आत्या आम्हाला कधी बोललीच नव्हती. नडगीवर काळानिळा डाग होता, तो "स्टुलाला लागला" होता म्हणे. हे आकडे घेऊन आम्ही तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी गोळी बदलली.

मग खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, आणि सिस्टर हातात घड्याळ घेऊन. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तोल सांभाळणं कठीण जातंय असं धरतात. आत्याला १९ लागले. "धावायचं असतं तर आधी सांगायचं," ती म्हणाली.

पण खरी मजा स्वयंपाकघरात. सिस्टरनी विचारलं, "बाई, चहा पाजाल का?" आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. परवानगी घेऊन फ्रिज उघडला. विरजणाला बुरशी, एकाच तारखेच्या दुधाच्या तीन पिशव्या, भाजी नावाला नाही. ओट्याखाली बुडाशी करपलेली दोन पातेली, जुन्या पेपरात गुंडाळून ठेवलेली. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख बघून उरलेल्या गोळ्या मोजल्या, तर बीपीच्या जास्त उरलेल्या आणि थायरॉईडच्या कमी. वीजबिलाचा कागद कॅलेंडरमागे खोचलेला, मुदत उलटलेली. यातलं काहीही फोनवर ऐकू येत नाही, आणि दिवाळीला दोन दिवस राहिलो तरी दिसत नाही, कारण आम्ही येणार म्हणून ती घर आवरून ठेवते.

सिस्टरकडे दोन याद्या होत्या. एकीत सहा कामं : अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठबस, लघवी-शौचावर ताबा, हाताने जेवणं. दुसरीत आठ : फोन, खरेदी, स्वयंपाक, घराची आवराआवर, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशाचे व्यवहार. नंतर शोधलं, तर या अमेरिकेतून आलेल्या जुन्या याद्या निघाल्या. पहिली कॅट्झ यांची, १९६३ ची, दुसरी लॉटन आणि ब्रोडी यांची, १९६९ ची. वय होतं तसं बहुधा आधी दुसरीतली कामं सुटत जातात, पहिलीतली नंतर. आत्याची आठांतली खरेदी, औषधं, बिलं आणि बराचसा स्वयंपाक सुटलेला. सहांतली फक्त अंघोळ अडते. पडायच्या भीतीने ती आठवड्यातून दोनदाच करत होती. हे तिने सिस्टरला सांगितलं. भाच्याला कसं सांगणार?

सिस्टरचा सल्ला असा : चोवीस तासांची बाई नको, सकाळचे चार तास पुरे. न्हाणीघरात भिंतीला दांडी, बसायला स्टूल, गोळ्यांची सात दिवसांची डबी, बिलं ऑनलाइन. ब्यूरोचा फायदा जास्त तासांत, तरी त्यांनी कमी तास सुचवले. हे मला फार आवडलं. आणि एक बजावलं : आत्या चारदोन दिवसांत एकाएकी असंबद्ध बोलायला लागली, रात्र-दिवस कळेनासं झालं, तर माणूस वाढवू नका, डॉक्टर गाठा. लघवीचा संसर्ग किंवा सोडियम उतरणं, अशी कारणं असतात.

आता दुसरी बाजू. चार तासांचे महिना ११,००० रुपये. पहिल्या मावशी हुशार होत्या. अंघोळ, नाश्ता, गोळ्या, खाली कट्ट्यापर्यंत एक फेरी, सगळं न सांगता. त्यांना हातात ७,५०० मिळतात हे त्यांच्याकडूनच कळलं. ३,५०० दर महिन्याला ब्यूरोचे. असा व्यवहार असल्यावर बाया टिकणार कशा? त्या गेल्या, आणि बदली मावशी कसल्याही निरोपाविना दारात. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी द्यायची हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आत्यानेच फळा-खडू असल्यासारखं त्यांना समजावलं. ऑफिसात फोन केला की "मॅडम मीटिंगमध्ये आहेत".

पोलीस पडताळणीची प्रत मागितल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा मागाच. करारात एक वर्ष बाईला परस्पर कामावर ठेवायचं नाही अशी अट आहे, ती सहीआधी वाचा. झाडू-भांडी त्यांच्या कामात नाहीत, हे मला रास्त वाटतं. इंजेक्शन, लघवीची नळी, जखमेची पट्टी यांसाठी नर्स वेगळी लागते आणि तिचा दर वेगळा. बाईकडून ते करून घेऊ नका, ती कितीही "येतं मला" म्हणाली तरी.

ज्यांचे आईवडील किंवा आत्या-मावशी एकटे राहतात आणि भावंडांत एकमत होत नाही, त्यांनी ८०० रुपये जरूर घालवावेत. गृहभेट एकट्याने घडवू नका. वाद घालणारा भाऊ समोर बसलेला असू द्या. आमच्या चुलतभावाने करपलेली पातेली स्वतः उलगडली आणि पुढचं बोलणं पाच मिनिटांत संपलं. ब्यूरोचा पत्ता लागत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे.

ब्यूरोकडे मी लेखी मागितलंय की बदली बाई येण्याआधी जुनीने तिला एक दिवस सोबत घेऊन काम दाखवावं. कबूल झाले तर करार वाढवू. नाही झाले तर सहा महिन्यांनी फक्त सिस्टरना पुन्हा बोलवायचं आणि बाई शेजारच्या सोसायटीतून बघायची, असं आत्यानेच ठरवलंय.