आठ महिने मसाल्याचा चहा: माझा अनुभव

रक्ततपासणीत साखर काठावर निघाली. मधुमेह नाही, पण डॉक्टरांनी कागदावरून नजर उचलून माझ्याकडे पाहावं इतपत. चहा सोडा असं ते म्हणाले नाहीत, म्हणाले असते तरी मी ऐकलं नसतं. मग म्हटलं, चहा तोच ठेवू, त्यात काय घालायचं आणि काय काढायचं ते बघू. त्याला आता आठ महिने झाले.

पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात आलं, दालचिनी, लवंग, मिरी, वेलदोडा, तुळस, हळद असं घरात होतं नव्हतं ते सगळं पातेल्यात टाकलं. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, “कुणाला सर्दी झालीय का गं?” तेव्हापासून एका वेळी एकच मसाला, निदान आठवडाभर, असा नियम केला. कशाने काय होतं ते त्याशिवाय कळतच नाही.

आल्याने दोनदा दूध नासलं. मी दुधाला दोष देत होते, चूक माझीच होती. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं, झिंजिबेन नावाचं. कोमट ते गरम दुधात ते जोरात काम करतं आणि दूध फाटतं. उकळत्या पाण्यात मात्र ते निकामी होतं. म्हणून आलं ठेचून आधी पाण्यात घालायचं, पाण्याला तीन-चार मिनिटं खळखळून उकळी येऊ द्यायची आणि मग दूध. त्यानंतर एकदाही फाटलं नाही. आलं संपलं असेल तर सुंठ चालते, पण आल्याच्या अंदाजाने घालू नका. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट असतं. दोन कपांना चिमूटभर पुरे.

वेलदोड्याचं याच्या उलट. त्याचा वास उडून जाणारा. सुरुवातीपासून उकळला तर सगळं घर घमघमतं आणि कपात काहीच उरत नाही. मी आता गॅस बंद करून ठेचलेला वेलदोडा टाकते आणि दोन मिनिटं झाकण ठेवते. तुळस आणि गवती चहालाही हाच न्याय. दालचिनी आणि लवंग मात्र आधणातच हवी, त्यांना सुटायला वेळ लागतो.

दालचिनीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण रोज घालायची तर हे माहीत असायला हवं. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक जाड सालीची, कडक, एकाच वळकटीची: कॅसिया. दुसरी पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी गुंडाळलेली, बोटांनी चुरा होणारी: सिलोन. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते जास्त प्रमाणात पोटात जात राहिलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनाला ०.१ मिलिग्रॅम धरली आहे. सिलोनमध्ये ते नावापुरतंच असतं. अधूनमधून कॅसिया खाल्ली म्हणून बिघडत नाही, पण मी रोज घालणार होते, म्हणून पातळवाली घेतली. चवही जास्त गोडसर आहे.

हळद तीन आठवडे घातली आणि सोडली. मिरीमुळे हळदीतलं कर्क्युमिन शरीरात कितीतरी पटींनी शोषलं जातं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे, १९९८ सालच्या एका प्रयोगात वीसपट वाढ दिसली होती. पण त्या प्रयोगात माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. हळदीत ते साधारण ३ टक्के असतं. म्हणजे तेवढं मिळवायला पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद हवी, आणि मी घालत होते चिमूटभर. कप मात्र कायमचे पिवळे झाले. मिरीही गेली, कारण रिकाम्या पोटी माझी छाती जळजळायची. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी पुदिन्याचाही जपून वापर करावा, त्याने जळजळ वाढू शकते.

आता ज्येष्ठमधाची गोष्ट. साखरेला पर्याय म्हणून माझा सगळा भरवसा याच्यावर होता. एक छोटी काडी टाकली की चहा गोड, घशाला बरं, साखर शून्य. घरात सगळे खूश. दोन महिन्यांनी सासूबाईंचं बीपी नेहमीच्या गोळ्या चालू असूनही चढं लागायला लागलं. डॉक्टरांनी खाण्यापिण्यात काय बदललं ते विचारलं तेव्हा मी मोठ्या कौतुकाने चहाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटवतं आणि रक्तदाब वाढवतं. ते त्याच दिवशी बंद केलं. काही आठवड्यांत आकडे पूर्वीसारखे झाले. यामागे फक्त ज्येष्ठमधच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण बीपीच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय रोज घालू नका. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी, हा माझा समज तिथेच गेला.

मग फायदा झाला तरी कशाने? साखरेने, म्हणजे ती कमी होण्याने. मी दिवसाला तीन कप प्यायचे, प्रत्येकात दोन चमचे. चमच्याला ४ ग्रॅम धरले तर २४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेली आदर्श मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅमची आहे. माझा अख्खा कोटा चहातच संपत होता. दर पंधरवड्याला पाव चमचा असं उतरत मी अर्ध्या चमच्यावर आले. वेलदोडा, बडीशेप आणि दालचिनीचा वास गोडाशी इतका जोडलेला आहे की नाक जिभेला फसवतं. मसाल्यांचं माझ्यापुरतं खरं काम हेच. बिनमसाल्याच्या चहात एवढी कमी साखर मला दोन दिवसही चालली नसती. (गुळाचा मोह मलाही झाला होता. हिशेबात तोही साखरच, शिवाय दुधाबरोबर उकळला की दूध फाटण्याची भीती.)

तीन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत साखर थोडी उतरली. त्याच काळात मी संध्याकाळी चालायलाही लागले होते, त्यामुळे श्रेय वाटून द्यावं लागेल. वजन तसूभरही हललं नाही. सर्दी दोनदा झाली, आधी व्हायची तशीच. दुपारी चारचा कप सोडल्यावर झोप सुधारली, त्यात मसाल्याचा संबंध नाही, कॅफीन कमी झालं इतकंच. आणि हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी चहा, कुठलाही मसाला घातलेला असो, जेवणानंतर तासभर तरी थांबून घ्यावा. चहातली टॅनिनं अन्नातलं लोह शोषू देत नाहीत.

सध्या दोन कपांना अर्धा इंच आलं, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, पाव चमचा बडीशेप आणि शेवटी एक वेलदोडा. घाईच्या दिवसांसाठी पूडही करून ठेवते, पण महिनाभर पुरेल इतकीच, नंतर तिचा वास बसतो. मागच्या वेळी तिच्यात जायफळ जास्त पडलं होतं आणि चहाला खिरीचा वास यायला लागला. डबा आता संपत आलाय, या वेळी निम्मंच किसणार आहे.